तांबड्या पेशीबरोबर पाठवलेला डबा

आमचे एक काका रक्ततपासणीच्या आधी दोन दिवस अगदी व्रतस्थ होत. चहा बिनसाखरेचा, भाताला नकार, आमरसाची वाटी ताटात आली तर ती तशीच परत. उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा छान येई आणि घरी येताना काका मिठाईच्या दुकानावरून येत. मग डॉक्टरांनी एकदा निराळीच तपासणी लिहून दिली. लॅबवाले तिला एचबीए१सी म्हणतात, घरोघरी तिचं नाव ‘तीन महिन्यांची साखर’. तिच्यात काका सापडले, महिन्यापूर्वीच्या लग्नातल्या जिलब्यांसकट. “रक्त आज काढलं, मग त्याला मागच्या महिन्यातलं कसं कळलं?” असं ते चिडून विचारत होते. चिडून का होईना, प्रश्न चांगला विचारला.

रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. त्यामुळे आज काढलेल्या थेंबात काल जन्मलेल्या पेशी असतात, तशाच तीन महिने रक्तात फिरून आलेल्याही असतात. प्रत्येकीकडे तिच्या आयुष्यातल्या गोडाधोडाची नोंद असते. दोन दिवसांच्या पथ्याने ती पुसली जात नाही.

आता दुसरा, तितकाच ओळखीचा अनुभव. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की काही तासांत लघवी पिवळीधमक होते. गोळीतलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मुळात पिवळं. शरीराने हवं तेवढं घेतलं की उरलेलं मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात.

एकाच रक्तातले हे दोन प्रवासी. एक चार महिने फिरतो, दुसरा संध्याकाळपर्यंत बाहेर पडतो. मग दुसऱ्याला पहिल्याच्या पोटात बसवलं तर?

रक्त आधीच वाहतंय

गावाहून तालुक्याला शिकायला राहिलेल्यांना एसटीचा डबा आठवत असेल. आई पहाटे उठून भाकऱ्या करायची, डबा फडक्यात बांधून पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, आणि मुलगा स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचा. डब्यासाठी निराळी गाडी कुणी सोडत नव्हतं. गाडी जाणारच होती, रस्ता तिच्या रोजच्या सवयीचा होता, आणि नाक्यावर तिला कुणी अडवत नव्हतं.

या शेवटच्या मुद्द्यात सगळी मेख आहे. औषध रक्तात सुटं सोडलं की त्याला तीन ठिकाणी अडवतात. मूत्रपिंडं लहान रेणू गाळून टाकतात. यकृत बऱ्याच औषधांची मोडतोड करतं. आणि औषध मोठं, परक्या जीवापासून काढलेलं प्रथिन असेल तर शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. म्हणूनच ‘दिवसातून तीन वेळा’ची भानगड. सकाळच्या गोळीने रक्तातलं प्रमाण एकदम वर चढतं, दुपारपर्यंत उतरतं, की पुन्हा गोळी. वर चढलेल्या टोकाला दुष्परिणाम होतात आणि उतरलेल्या टोकाला औषध असून नसल्यासारखं.

तांबड्या पेशीला मात्र हे तिन्ही नाके मोकळे. मूत्रपिंडाच्या चाळणीतून ती जाऊ शकत नाही, यकृत तिला एरवी हात लावत नाही, आणि संरक्षणव्यवस्थेच्या लेखी ती घरचीच. तिच्या पृष्ठभागावर सीडी४७ नावाचं एक प्रथिन असतं. रक्तात गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे नको ते गिळून टाकणाऱ्या पेशी, हा बिल्ला पाहून तिला सोडून देतात.

पेशी कसली, पिशवीच

शाळेच्या पुस्तकात हिला ‘लोहित रक्तकणिका’ म्हटलेलं असतं. ते नाव परीक्षेनंतर कुणी वापरत नाही, पण ‘कणिका’ हा शब्द एका अर्थी बरोबर आहे. पेशी म्हटलं की ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्यातल्या बऱ्याच हिच्यात नसतात. अस्थिमज्जेतून रक्तात उतरण्याआधीच ती आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया नावाची यंत्रंही काढून टाकते. उरते ती हिमोग्लोबिनने ठासून भरलेली लवचीक पिशवी. मायटोकॉन्ड्रिया नसल्याने ती वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनमधला कणही स्वतः वापरत नाही. हलवायाच्या दुकानात असा नोकर मिळणं कठीण.

हे रिकामपण आपल्या कामाचं. केंद्रक नाही म्हणजे पेशीचे जनुक नाहीत, विभाजन नाही, गाठ होण्याची भीती नाही. आणखी एक गोष्ट आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी आत काही परकं घुसलं तर त्याचे तुकडे पृष्ठभागावर टांगून संरक्षक पेशींना इशारा देतात. तांबड्या पेशीकडे ती पाटी लावायची सोय जवळजवळ नाहीच. हिवतापाच्या परजीवीने हे फार पूर्वी हेरलं. डासाच्या चाव्यातून आल्यावर तो आधी यकृतात जातो आणि मग तांबड्या पेशींमध्ये शिरून बसतो. तिथे त्याला शोधणं अवघड. औषध लपवायला हीच जागा शोधणारे संशोधक एका अर्थाने त्याच्याच मागून चालले आहेत.

[चौकट]
तांबडी पेशी आकड्यांत
व्यास : ७ ते ८ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)
आकार : दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती
आयुष्य : सुमारे १२० दिवस
शरीरातली संख्या : सुमारे २५ लाख कोटी
दर सेकंदाला नव्याने तयार होणाऱ्या : २० लाखांहून अधिक
एका पेशीतले हिमोग्लोबिनचे रेणू : २५ कोटींच्या आसपास
आयुष्यभरातल्या फेऱ्या : मिनिटाला एक धरली तर १ लाख ७० हजारांवर
[चौकट समाप्त]

करंजी भरायची कशी

पिशवी मिळाली, पण तिला तोंड नाही. औषध आत घालायचं कुठून? इथे स्वयंपाकघरातलं ज्ञान उपयोगी पडतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. मनुके साध्या पाण्यात टाकले की टम्म फुगतात. पातळ पडद्याच्या ज्या बाजूला क्षार किंवा साखर जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. दवाखान्यात लावतात त्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं ते याचसाठी: तेवढ्या खारटपणात तांबडी पेशी ना फुगते, ना सुकते.

आता हे मीठ मुद्दाम कमी करायचं. पाणी पेशीत शिरायला लागतं. चपटी चकती फुगत फुगत चेंडूसारखी गोल होते. तिच्या आवरणात गोल होण्यापुरता ढिलेपणा असतो, त्यामुळे मूळच्या दीडपटीहून थोडं जास्त आकारमान ती सोसते. त्यापुढे आवरण ताणलं जातं आणि त्याला बारीक भोकं पडतात, पेशीच्या व्यासाच्या दीडशेव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. नेमक्या याच वेळी भोवतालच्या द्रवात औषध असेल तर ते आत शिरतं. थोडं हिमोग्लोबिन बाहेर जातं. तेवढं नुकसान धरून चालावं लागतं.

मग द्रवात पुन्हा मीठ वाढवायचं आणि तो शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत आणायचा. आवरण हे मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं, ते सैल होऊन आपोआप जुळतं आणि भोकं बुजतात. पेशी पुन्हा चकतीच्या आकाराकडे येते. औषध आत. भरण्याचं काम थंडीत, साधारण ४ अंशांवर करतात, कारण थंड आवरण भोकं लवकर बुजू देत नाही. करंजी करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको: सारण भरेपर्यंत पारी उघडी राहायला हवी आणि भरल्यावर कड अशी दाबायला हवी की तळणीत ती सुटता कामा नये. कड सुटलेली करंजी तेल नासवते. नीट न मिटलेली तांबडी पेशीही रक्तात फुटते.

फुगवून भरण्याची ही रीत औषधोपचाराच्या दिशेने वळली ती १९७३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत गॅरेट आयलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींमध्ये विकरं भरून दाखवली. विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. जन्मतः एखादं विकर नसलेल्या रुग्णांना ते अशा पेशींमधून पुरवता येईल, ही त्यामागची कल्पना.

कुलूप बाहेर, चावी आत

कोविडच्या काळात डेक्सामेथासोन हे नाव बऱ्याच घरांत पोचलं. हे स्टेरॉइड दाह झपाट्याने कमी करतं, पण महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा गोल सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि लहान मुलांची उंची खुंटते. हेच औषध तांबड्या पेशीत भरायचं म्हटलं तर एक अडचण येते. साधं डेक्सामेथासोन आवरणातून सहज आरपार जातं. आत घातलं तसं लगेच बाहेर.

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठात (चित्रकार राफाएलचं हे गाव) मौरो मान्यानी आणि त्यांच्या गटाने यावर काढलेली तोड मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. त्यांनी औषधाचं असं रूप घेतलं, ज्याला फॉस्फेटचं शेपूट जोडलेलं असतं. शेपटावर विद्युतभार असल्याने या रूपातला रेणू स्निग्ध आवरणातून जाऊ शकत नाही. भोकं उघडी असताना तो आत जातो आणि भोकं बुजल्यावर अडकतो. मात्र तांबड्या पेशीत मुळातच अशी विकरं असतात, जी हे शेपूट सावकाश छाटतात. शेपूट तुटलं की साधं डेक्सामेथासोन उरतं आणि ते आवरणातून झिरपून रक्तात येतं. म्हणजे कुलूप आपण लावायचं, चावी पेशीकडेच होती. महिन्यातून एकदा रुग्णाचं सुमारे ५० मिली रक्त काढायचं, खास यंत्रात त्यातल्या पेशी भरायच्या आणि त्याच बैठकीत त्याला परत चढवायच्या. पुढचे काही आठवडे औषध अगदी थोडं थोडं रक्तात उतरत राहतं.

हा प्रयोग ज्या आजारासाठी झाला तो आहे अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया. लहान मूल चालायला लागतं आणि मग एका जनुकातल्या दोषामुळे हळूहळू त्याचा तोल जाऊ लागतो. दहाव्या वर्षाच्या आसपास अनेकांना चाकाची खुर्ची लागते. आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. स्टेरॉइडने काही मुलांचा तोल सुधारतो हे डॉक्टरांना दिसलं होतं, पण वर्षानुवर्षं रोज स्टेरॉइड कोणत्या मुलाला द्यायचं?

दाणे गिरणीकडे येतात

आतापर्यंत आपण धरून चाललो की औषध कधी ना कधी पेशीबाहेर यायला हवं. तशी गरज नेहमीच नसते. पीठ हवं म्हणून गिरणी कुणी डोक्यावर घेऊन घरोघरी हिंडत नाही. दाणे गिरणीकडे जातात.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तातल्या द्रवाने उंदरांमधल्या लिम्फोमा या कर्करोगाच्या गाठी विरघळतात. कारण पुढे उलगडलं: त्या द्रवात अ‍ॅस्परॅजिनेज हे विकर होतं. ते अ‍ॅस्परॅजिन नावाच्या अमिनो आम्लाचे तुकडे करतं. आपल्या निरोगी पेशी हे अमिनो आम्ल स्वतः बनवू शकतात. मुलांमध्ये होणाऱ्या एका रक्तकर्करोगाच्या पेशींना ते नीट जमत नाही. त्या रक्तातून येणाऱ्या पुरवठ्यावर जगतात. पुरवठा तोडला की त्यांची उपासमार होते. हे औषध आज या कर्करोगाच्या उपचारातलं महत्त्वाचं हत्यार आहे. पण ते जीवाणूंपासून काढतात, त्यामुळे शरीर त्याला परकं म्हणून ओळखतं. काही मुलांना जोरदार अ‍ॅलर्जी येते. त्यात ते टिकतही नाही. साध्या रूपात एक-दीड दिवसात निम्मं संपतं.

फ्रान्समधल्या लिऑन इथल्या एरिटेक कंपनीने हे विकर दात्यांच्या तांबड्या पेशींमध्ये भरलं. विकराचा रेणू मोठा, तो बाहेर येत नाही आणि प्रतिपिंडं आत जाऊ शकत नाहीत. अ‍ॅस्परॅजिन मात्र लहान, ते आवरणातून आत येतं, दळलं जातं आणि तुकडे बाहेर पडतात. पेशी रक्तात फिरत राहते आणि फिरता फिरता रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन संपवत जाते. शत्रूच्या जवळ जायची तिला गरजच नाही. एखाद्या मुलाच्या रक्तात नको असलेला पदार्थ साठत असेल आणि तो मोडणारं विकर त्याच्याकडे जन्मतः नसेल, तर तिथेही हीच गिरणी चालावी, अशी अपेक्षा अनेक गटांनी धरली आहे.

शेवटचा थांबा

एसटी शेवटी भंगारात निघते, तशी तांबडी पेशी प्लीहेत. हिवतापात जी वाढते तीच ही प्लीहा, डाव्या बरगड्यांखालची. तिच्यात जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीच्या फटी असतात आणि ७-८ मायक्रोमीटरच्या पेशीला त्यातून अंग चोरून जावं लागतं. तरुण पेशी निसटून जाते. म्हातारी, ताठरलेली पेशी अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळतात.

औषधवाल्यांच्या दृष्टीने हाही एक पत्ता आहे. पेशी मुद्दाम थोडी बिघडवली की ती थेट तिकडेच जाणार. न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर हे पूर्वीपासून करत आले आहेत. रुग्णाच्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडायचा, त्या सुमारे ५० अंशांपर्यंत तापवून जराशा खराब करायच्या आणि परत सोडायच्या. चित्रात प्लीहा उजळून दिसते. न तापवता सोडल्या तर आतड्यात रक्तस्राव कुठे होतोय ते शोधता येतं. डबा म्हणून तांबडी पेशी वापरणं इस्पितळात नवं नाही. नवं आहे ते डब्यात औषध घालणं.

मग मेडिकलच्या दुकानात का नाही?

पन्नास वर्षं झाली, आणि अजून अशी पेशी कुणी चिठ्ठीवर लिहून देत नाही. याचं खापर पेशीवर फोडता येणार नाही, असं माझं मत आहे.

एरिटेकने आपलं औषध रक्तकर्करोगावर आजमावलं, युरोपात परवान्यासाठी अर्जही केला आणि तो मागे घेतला. मग स्वादुपिंडाच्या कर्करोगावर मोठी चाचणी केली. २०२१ मध्ये निकाल आला: रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. अमेरिकेतल्या रुबियस कंपनीने आणखी मोठी उडी घेतली. फुगवून भरण्यापेक्षा मूळ पेशींचे जनुक बदलून औषध आतच बनवणाऱ्या तांबड्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, असा तिचा बेत होता. पैसा भरपूर उभा राहिला, मानवी चाचण्यांतून हाती फारसं काही लागलं नाही, आणि २०२२ मध्ये काम थांबून पुढे कंपनीच बंद झाली. गाडी नीट धावत होती, पण डबा ज्याच्यासाठी होता त्याची भूक त्या जेवणाने भागते की नाही, हा प्रश्न निराळा होता. स्वादुपिंडाचा कर्करोग भल्याभल्या औषधांना दाद देत नाही.

शिवाय रोजच्या कटकटी आहेत. गोळ्या एका साच्यातून लाखांनी निघतात. इथे प्रत्येक रुग्णाचं रक्त वेगळं, त्यामुळे प्रत्येक पिशवी वेगळी. दात्याचं रक्त घ्यायचं तर गट जुळवणं आलं, संसर्गाच्या तपासण्या आल्या. रक्तपेढीत साध्या तांबड्या पेशीही योग्य द्रवात २ ते ६ अंशांवर ठेवून ४२ दिवसांपलीकडे वापरत नाहीत. आणि ज्या औषधाला रक्तवाहिनीबाहेर, एखाद्या सांध्याच्या किंवा गाठीच्या गाभ्यात पोचायचं आहे, त्याला ही गाडी दारापर्यंतच सोडते. ती रस्ता सोडून अंगणात येत नाही.

उर्बिनोच्या पद्धतीची मोठी चाचणी भारतासह अनेक देशांतल्या मुलांवर झाली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरक्षिततेबद्दल चिंतेचं काही आढळलं नाही, पण ठरवलेल्या मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही. ६ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र फायद्याच्या खुणा दिसल्या. संख्याशास्त्रज्ञ अशा मागाहून काढलेल्या तुकड्याकडे संशयाने पाहतात आणि तसंच पाहायला हवं. म्हणून पुढची चाचणी त्याच वयाच्या मुलांना धरून आखली गेली.

टपावरचं सामान

या सगळ्यात एक वाट अशी आहे जिच्यात पेशी फुगवायचीच नाही. सामान आत न ठेवता टपावर ठेवायचं. हार्वर्डमधले समीर मित्रगोत्री हे या कामातलं मोठं नाव. त्यांचं रसायन अभियांत्रिकीचं पहिलं शिक्षण मुंबईत, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत झालं. औषधाचे अतिसूक्ष्म कण नुसते शिरेत सोडले की त्यातले बरेच यकृतात अडकतात. तेच कण आधी तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर हलके चिकटवून सोडले, तर उंदरांमध्ये ते मोठ्या संख्येने फुप्फुसांत उतरताना दिसले.

कोकणातल्या अरुंद रस्त्याने गाडी गेली की झाडांच्या फांद्या टपाला घासतात आणि सैल बांधलेलं सामान तिथेच पडतं. तांबडी पेशी केशवाहिनीतून जाते तेव्हा असंच होतं. केशवाहिनी बऱ्याचदा पेशीपेक्षाही अरुंद असते. पेशी दुमडून, भिंतींना घासत पुढे सरकते आणि पाठीवरचे कण भिंतीला चिकटून मागे राहतात. हाताच्या शिरेतून सोडलेलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसांत जातं, म्हणून पहिली अरुंद गल्ली फुप्फुसांची. सुई हाताच्या शिरेऐवजी मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत टोचली तर पहिली गल्ली मेंदूची, आणि २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सामान खरोखरच तिथे उतरलं. सामानावर पत्ता लिहावाच लागला नाही. ते कोणत्या स्टँडवरून चढवलं, एवढ्यावरच ठरलं.